कॅनन २००डी मार्क २ वर रेडिओ ट्रिगर लावला की टीटी६०० फ्लॅश पडत (पेटत) नाही, टेस्ट बटणाने मात्र पडतो. फ्लॅश दूर ठेवून चालवायचा तर कसा?

दारव्हेकर

नमस्कार मंडळी. कॅमेरा कॅनन २००डी मार्क २, फ्लॅश गोडॉक्स टीटी६००. सोबत एक स्वस्तातला रेडिओ ट्रिगरचा जोड आहे, ४३३ मेगाहर्ट्झवाला: कॅमेऱ्याच्या शूवर (वरच्या, फ्लॅश बसवायच्या खाचेत) बसणारा ट्रान्समीटर आणि फ्लॅशला लावायचा रिसीव्हर. ट्रान्समीटरमध्ये १२ व्होल्टचा २३ए सेल, रिसीव्हरमध्ये दोन पेन्सिल सेल.

ट्रान्समीटरवरचं टेस्ट बटण दाबलं की फ्लॅश पडतो. कॅमेऱ्याचं शटर दाबलं की पडत नाही. तोच जोड १३००डी वर लावला तर बरोबर चालतो. सेल नवे आहेत, चॅनल जुळवलेला आहे. टीटी६०० थेट २००डीच्या शूवर बसवला तरी तेच. काहून होऊन राहिलं ते कळत नाही. कॅमेऱ्याचा शू खराब समजायचा का?

काम दोन प्रकारचं आहे. एक, रात्रीची हळद आणि शेतातल्या मांडवातलं लग्न. मांडवाचं कापड लाल-पिवळं असल्यामुळे फ्लॅश वर मारून बाउन्स करता येत नाही, म्हणून तो बाजूला स्टँडवर हवा. दोन, दिवसा शेतात प्री-वेडिंग. स्टुडिओत फिल्मच्या काळातला एक जुना फ्लॅशही पडून आहे, तो दुसरा लाइट म्हणून वापरता येईल का? वायर, स्लेव्ह (दुसऱ्या फ्लॅशचा उजेड पाहून आपला फ्लॅश पाडणारा), रेडिओ यांतलं नेमकं काय घ्यावं? पैसे एकदाच जावेत ही इच्छा.

वऱ्हाडी शटर

दारव्हेकर भाऊ, शू खराब नाही. तुमच्या कॅमेऱ्याच्या शूवर मधला संपर्कच दिलेला नाही.

१३००डी आणि २००डी मार्क २ शेजारी ठेवून शूमध्ये पाहा. १३००डी वर मधोमध एक मोठा गोल ठिपका आणि त्याच्या मागे चार लहान ठिपके दिसतील. २००डी मार्क २ वर फक्त चार लहान. मधला ठिपका म्हणजे जगभरातल्या जवळजवळ सगळ्या साध्या फ्लॅशचा सामाईक संपर्क. शटर पूर्ण उघडलं की कॅमेरा तो ठिपका आणि शूची धातूची पट्टी आतून जोडतो, तेवढ्यावर फ्लॅश पडतो. टीटी६०० ला आणि तुमच्या ट्रान्समीटरला खाली तेवढी एकच पिन आहे. समोर ठिपकाच नाही, तर ती टेकणार कशाला? टेस्ट बटण कॅमेऱ्याला विचारत नाही, म्हणून त्याने फ्लॅश पडतो. याचाच अर्थ तुमचा रेडिओ, रिसीव्हर आणि फ्लॅश तिन्ही ठणठणीत आहेत.

३०००डी चंही असंच आहे. १५००डी मध्ये दोन्ही प्रकार बाजारात आले, त्यामुळे जुना १५००डी विकत घेणाऱ्याने शू डोळ्यांनी पाहूनच घ्यावा. कॅननचं हे करणं गावोगावच्या छायाचित्रकारांना फार महागात पडलं आहे, कारण नवखे लोक नेमके हेच कॅमेरे घेतात आणि फ्लॅशही साधेच घेतात.

या कॅमेऱ्यावर काय चालेल: जे उपकरण चार लहान संपर्कांतून कॅननच्या भाषेत बोलतं तेच. म्हणून कॅननसाठीचा, सगळ्या पिना असलेला ट्रिगर घ्या. गोडॉक्समध्ये एक्स२टी-सी किंवा एक्सप्रो-सी. शेवटचा 'सी' म्हणजे कॅनन, 'एन' म्हणजे निकॉन, 'एस' म्हणजे सोनी. पार्सल मागवताना हे अक्षर चुकवू नका. टीटी६०० च्या पोटात २.४ गिगाहर्ट्झचा रिसीव्हर आधीच आहे, तेव्हा वेगळा रिसीव्हर लागत नाही. फक्त ट्रान्समीटरचा खर्च.

दोन गोष्टी सांभाळा. मधली पिन नसलेल्या कॅमेऱ्यांसाठी या ट्रिगरचं फर्मवेअर (आतला प्रोग्राम) नवीन असावं लागतं, दुकानात जुना माल पडलेला असू शकतो. अपडेट संगणकावरून यूएसबीने होतं, पण केबल डेटा जाणारी हवी. नुसती चार्जिंगची केबल लावली तर संगणकाला ट्रिगर दिसतच नाही. दुसरं म्हणजे नागपूरला सीताबर्डीत जाऊन घेणार असाल तर कॅमेरा आणि फ्लॅश दोन्ही सोबत न्या, आणि काउंटरवरच शटर दाबून पाहा. टेस्ट बटणावर समाधान मानू नका, तुमची अडचण तिथे दिसतच नाही.

जोडणी अशी:

टीटी६०० वरचं वायरलेसचं बटण दाबत दाबत रेडिओ स्लेव्हवर आणा. पडदा नारिंगी झाला म्हणजे स्लेव्ह (हुकूम ऐकणारा), हिरवा म्हणजे मास्टर (हुकूम देणारा). चॅनल दोन्हीकडे एकच, समजा ७. ग्रुप ए. ट्रिगरवर आयडी नावाची सेटिंग असते. फ्लॅशवर ती नसेल तर ट्रिगरवरही बंद ठेवा. एकीकडे आयडी चालू आणि दुसरीकडे बंद असेल, तर चॅनल जुळूनही फ्लॅश मुका राहतो. ट्रिगरवर ए ग्रुप 'एम'वर ठेवा, पॉवर १/१६ पासून सुरू करा. टीटी६०० हा निव्वळ मॅन्युअल फ्लॅश आहे, टीटीएल (कॅमेऱ्याने उजेड मोजून पॉवर आपोआप ठरवणं) त्याला कळत नाही.

कॅमेऱ्याच्या मेनूत फ्लॅश फायरिंग चालू, मोड एम, शटर १/१६०. या कॅमेऱ्याची सिंक मर्यादा (फ्लॅशसोबत चालणारं सर्वांत वेगवान शटर) १/२०० आहे. तिच्यापुढे गेलात की फोटोच्या एका कडेला काळा पट्टा येतो. तेव्हा शटरच्या पडद्याचा एक भाग आधीच बंद व्हायला लागलेला असतो, त्या भागाला फ्लॅशचा उजेड मिळत नाही. स्वस्त रेडिओ थोडा उशीर लावतात, म्हणून त्यांच्यावर पट्टा १/२०० लाच दिसू लागतो. १/१६० किंवा १/१२५ वर निश्चिंत.

हिंगणघाटकर

वरचं सगळं बरोबर. एक जोडतो, कारण पुढचा प्रश्न हमखास हाच असतो: "मग वायरने जोडू का?"

या कॅमेऱ्यावर साधी सिंक वायर चालणार नाही. कॅमेऱ्याला पीसी सॉकेट (सिंक वायर खोचायचं भोक) नाही, आणि शूवर बसवायचा जो छोटा अडॅप्टर मिळतो तो त्याच मधल्या ठिपक्यावर अवलंबून असतो. कॅननची टीटीएल कॉर्ड घेतली तरी टीटी६०० पडणार नाही. ती वायर कॅमेऱ्याच्या पिना जशाच्या तशा दुसऱ्या टोकाला नेते. इकडे जे नाही ते तिकडे कुठून येणार? टीटी६८५ किंवा व्ही८६० सारखा कॅनन आवृत्तीचा फ्लॅश असेल तर कॉर्ड छान चालते, पण ताणून ६० सेंटिमीटरच्या आसपासच जाते. एका हातात कॅमेरा, दुसऱ्या हातात फ्लॅश, एवढाच तिचा उपयोग. आणि मांडवात जमिनीवरून वायर टाकणं मनातही आणू नका. पोराच्या पायात अडकली तर स्टँड, फ्लॅश आणि छत्री तिन्ही माणसांवर येतील.

कारंजा ३५ मिमी

ट्रिगर येईपर्यंत थांबायची गरज नाही, तुमचा टीटी६०० आजच कॅमेऱ्यापासून दूर चालू शकतो. कॅमेऱ्यावरचा छोटा फ्लॅश बोटाने उघडा आणि टीटी६०० ला ऑप्टिकल स्लेव्हवर टाका. ठिपक्याची भानगडच नाही, उजेड पाहून फ्लॅश पडतो.

एस१ आणि एस२ असे दोन मोड आहेत. एस१ पहिला उजेड दिसताच पडतो. तुमच्या कॅमेऱ्याचा छोटा फ्लॅश खऱ्या फोटोआधी एक हलकी चमक मारून एक्सपोजर मोजतो. एस१ त्या चमकेलाच फसतो, मोठा फ्लॅश क्षणभर आधी पडून जातो आणि फोटोत काळोख. डोळ्यांना मात्र दोन्ही एकाच वेळी पडल्यासारखे वाटतात, त्यामुळे माणूस तासभर गोंधळतो. म्हणून एस२ ठेवा, तो पहिली चमक सोडून दुसरीवर पडतो. रेड-आय रिडक्शन बंद करा, नाहीतर मोजणी पुन्हा चुकेल.

सेन्सर फ्लॅशच्या अंगावर पुढे, लाल काचेच्या मागे असतो. तो भाग कॅमेऱ्याकडे वळवा आणि फक्त डोकं फिरवून नवरीकडे करा. बहुतेकांचं इथेच चुकतं. फ्लॅश अख्खा नवरीकडे तोंड करून ठेवतात आणि सेन्सरला दिसतं ते मांडवाचं कापड. घराच्या पांढऱ्या भिंतींत भिंतीवरून परतलेला उजेडही पुरतो आणि १० मीटरवर सहज चालतं. उघड्या अंगणात रात्री याच्या निम्मं धरा. भर दुपारी शेतात तर दोन-तीन मीटरवरही भरवसा नाही.

आता छोट्या फ्लॅशचा उजेड तोंडावर सपाट पडतो आणि बाजूच्या लाइटची सगळी मजा जाते, त्याचं काय? जुन्या कलर निगेटिव्हचा, उजेड लागून डेव्हलप झालेला काळा शेंडा स्टुडिओत कुठेतरी असेलच. त्याचे दोन पदर करून छोट्या फ्लॅशवर चिकटपट्टीने लावा. दिसणारा उजेड जवळजवळ सगळा अडतो, इन्फ्रारेड मात्र पार जातो, आणि स्लेव्हच्या सेन्सरला तोच पुरतो. कृष्णधवल फिल्मचा तुकडा घेऊ नका. त्यात चांदी राहते आणि ती इन्फ्रारेडही अडवते.

लग्नाच्या मुख्य विधींना मात्र ऑप्टिकलवर अवलंबून राहू नका. दुसऱ्या पार्टीच्या छायाचित्रकाराचा फ्लॅश पडला की तुमचाही पडतो, डीजेवाल्याच्या स्ट्रोबवरही पडू शकतो. मोबाइलच्या एलईडीने सहसा पडत नाही. मंगलाष्टकं संपून अक्षता उधळल्या जातात त्या क्षणी तुमचा फ्लॅश दुसऱ्याच्या फोटोला उजेड देऊन चार्ज होत बसलेला असतो. हळद, साखरपुडा, घरातले कौटुंबिक फोटो यांना हा उपाय उत्तम. मांडवात रेडिओच.

दारव्हेकर

एस२ वर आत्ताच करून पाहिलं, शटरसोबत पडतोय! सर्वांचे आभार. आता एक्स२टी-सी मागवतो. दोन शंका राहिल्या. जुन्या फ्लॅशचं काय करू? आणि रेडिओ मांडवात मधूनच चुकतो असं ऐकून आहे, ते कशामुळे?

मल्टिमीटर

जुन्या फ्लॅशबद्दल मी सांगतो. तो कुठल्याही कॅमेऱ्यावर किंवा रिसीव्हरवर बसवण्याआधी त्याचं ट्रिगर व्होल्टेज मोजा. फिल्मच्या काळातल्या काही फ्लॅशच्या पिनेवर २०० ते ३०० व्होल्ट असतात. तेव्हाच्या कॅमेऱ्यात धातूचे दोन पत्रे टेकायचे, त्यांना काही व्हायचं नाही. आताच्या उपकरणात त्या जागी नाजूक इलेक्ट्रॉनिक स्विच असतो.

मल्टिमीटर डीसी ६०० किंवा १००० व्होल्टच्या रेंजवर ठेवा. फ्लॅशमध्ये चांगले सेल टाकून चालू करा आणि रेडी लाइट लागल्यावर आणखी दोन मिनिटं थांबा, कारण व्होल्टेज हळूहळू चढतं. लाल टोक खालच्या मधल्या पिनेला, काळं टोक शूच्या बाजूच्या धातूच्या पट्टीला. टोकं एकमेकांना टेकवू नका, टेकली तर फ्लॅश पडेल. ज्या पिना बाहेर आहेत त्यांनाच हात लावा, फ्लॅश उघडू नका. आतल्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टच्या पुढे साठा असतो, आणि सेल काढल्यावरही तो बराच वेळ टिकतो. तो धक्का जिवावर बेतू शकतो. गावातल्या रेडिओ दुरुस्तीवाल्यालाही हे आधी सांगा.

आकडा ६ व्होल्टच्या आत आला तर कुठेही लावा. ६ ते २४ असेल तर ज्या रिसीव्हरवर लावायचा त्याच्या माहितीपत्रकात मर्यादा पाहा. त्याहून जास्त असेल तर रेडिओ रिसीव्हर विसरा आणि एक साधा ऑप्टिकल स्लेव्ह सेल घ्या, हॉट शूचा किंवा पीसी वायरचा. त्यातला थायरिस्टर (इलेक्ट्रॉनिक स्विच) मोठं व्होल्टेज झेलण्यासाठीच असतो, तरी विकणाऱ्याकडून मर्यादा विचारून घ्या. हा सेल एस१ सारखा वागतो, पहिल्याच चमकेला पडतो. पण तुम्ही टीटी६०० रेडिओने मॅन्युअलवर चालवाल, कॅमेऱ्यावरचा छोटा फ्लॅश बंद असेल, म्हणजे आधीची चमक येणारच नाही आणि जुना फ्लॅश टीटी६०० च्या उजेडावर बरोबर सोबतच पडेल. पार्श्वभूमीच्या पडद्यावर मारायला असा दुसरा लाइट फार कामाचा.

फ्लॅश वर्षानुवर्षं न वापरता ठेवलेला असेल तर पहिल्याच दिवशी फुल पॉवरवर झोडपू नका. सेल टाकून अर्धा तास नुसता चालू ठेवा, मग कमीत कमी पॉवरवर मिनिटाला एकदा असे दहा-बारा वेळा फायर करा. कपॅसिटर पुन्हा तयार व्हायला तेवढा वेळ लागतो. रेडी लाइट पाच मिनिटांतही लागला नाही, किंवा फ्लॅश हाताला गरम लागला, तर सेल काढून तो कायमचा बाजूला ठेवा.

वऱ्हाडी शटर

रेडिओ "मधूनच" चुकतो तेव्हा दहापैकी बहुतेक वेळा दोष रेडिओचा नसतो. टीटी६०० ला फुल पॉवरनंतर भरायला २.६ सेकंदांपर्यंत लागतात, तेही सेल ताजे असताना. तुम्ही सेकंदाला दोन फोटो घेतले तर दुसरा काळाच येणार. चुकलेल्या फोटोच्या क्षणी रेडी लाइट लागलेला होता का, हे आधी पाहा. लागलेला नसेल तर पॉवर १/४ वर आणा आणि आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) दोन पायऱ्या वाढवा, म्हणजे १०० चा ४००. फ्लॅशचं एक्सपोजर तेच राहील आणि फ्लॅश दमणार नाही. सेल एनआयएमएच रिचार्जेबलच घ्या. १.२ व्होल्ट लिहिलेलं पाहून ते कमी वाटतात, पण करंट जोरात देतात म्हणून अल्कलाइनपेक्षा लवकर भरतात. चार सेलचा एक संच करून त्यांवर एकच खूण करा. जुना-नवा मिसळला की जुना सेल सगळ्यांना मागे ओढतो.

रेडी लाइट लागलेला असूनही चुकतो, तर मग रेडिओ. २.४ गिगाहर्ट्झची लहर पाण्यात जिरते, आणि माणूस म्हणजे पाणीच. स्टेजपुढे दोनशे माणसं उभी राहिली की कमरेच्या उंचीवरच्या फ्लॅशपर्यंत सिग्नल नीट पोचत नाही. फ्लॅश डोक्यांच्या वर, सात-आठ फुटांवर घ्या. दिवसा हिरव्यागार तुरीच्या ओळींआड ठेवलात तरी असंच होतं. मांडवाच्या लोखंडी पाइपला फ्लॅश चिकटवून बांधू नका, वीतभर तरी अंतर ठेवा. वायफायचा राउटर जवळ असेल तर ट्रिगरमध्ये स्कॅन आहे, तो मोकळा चॅनल शोधून देतो. दुसऱ्या छायाचित्रकाराकडेही गोडॉक्स असला आणि चॅनल तोच लागला, तर तुमचा फ्लॅश त्याच्या शटरवर पडेल, म्हणून आल्या आल्या त्याला चॅनल विचारून घ्या.

आणि एक उलटी गोष्ट: फ्लॅश फार जवळ असला तरी चुकतो. मदतनीस तुमच्या खांद्याशी उभा राहून फ्लॅश धरत असेल, अंतर मीटरच्या आत असेल, तर ट्रिगरच्या कस्टम फंक्शनमध्ये अंतर १-१०० मीटरवरून ०-३० मीटरवर आणा. लांबचा पल्ला ठेवला की जवळच्या फ्लॅशला सिग्नल अंगावर येतो.

कारंजा ३५ मिमी

दिवसाच्या शूटिंगचं उत्तर राहिलं. हिशेब करूनच निघा.

निरभ्र दुपारी आयएसओ १००, १/२०० ला लेन्सचं छिद्र साधारण एफ/११ लागतं. टीटी६०० चा गाइड नंबर (एफच्या आकड्याने भागला की पल्ला मीटरमध्ये देणारा आकडा) ६० लिहिलेला असतो तो २०० मिमी झूमवरचा. ६० भागिले ११, म्हणजे उघडा फ्लॅश फुल पॉवरवर जेमतेम साडेपाच मीटर. छत्री लावली की झूम रुंद करावं लागतं आणि कापड उजेड खातं. मग फ्लॅश मीटर-दीड मीटरवर आणावा लागतो, तोही फुल पॉवरवर. म्हणून जोडप्याला उन्हाकडे पाठ करून उभं करा, म्हणजे चेहऱ्याची सावलीच फक्त भरायची राहते. किंवा सरळ लिंबाच्या सावलीत न्या, काम निम्मं होतं. साडेपाचनंतरचं ऊन मिळालं तर याच फ्लॅशला १/८ पुरतं.

मागची कपाशी धूसर हवी म्हणून एफ/४ वर जायचं असेल तर दोन रस्ते. हाय स्पीड सिंक (सिंक मर्यादेपुढचं शटर वापरणं) ट्रिगरवरून लावता येतं, आणि टीटी६०० ते ट्रिगरच्या जोरावर करतो. पण त्यात फ्लॅश एकदा जोरात पडण्याऐवजी बारीक बारीक थापांनी पूर्ण शटरभर चालतो, म्हणून ताकद सुरुवातीलाच दोनेक स्टॉप (दर स्टॉपला उजेड निम्मा) जाते आणि फ्लॅश तापतो. माझं मत एनडी८ फिल्टरच्या (लेन्सवर लावायच्या, उजेड कमी करणाऱ्या काचेच्या) बाजूने आहे. तो तीन स्टॉप कापतो, एफ/११ चा बरोबर एफ/४ होतो, शटर १/२०० वरच राहतं आणि फ्लॅशला एफ/११ ला लागली असती तेवढीच पॉवर लागते.

मे महिन्यात पारा ४५ वर असताना काळा फ्लॅश उन्हात नुसता ठेवला तरी तापतो. गोडॉक्सच्या पुस्तिकेतच लिहिलं आहे की फुल पॉवरवर सलग ३० फ्लॅशनंतर किमान १० मिनिटं विश्रांती द्या. आपल्याकडच्या उन्हात मी १५ नंतरच थांबायला सांगेन. फोटोंच्या मधल्या वेळेत पांढरा दुपट्टा टाकून ठेवा, सेल गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका.

छत्री म्हणजे शीडच आहे, वारा आला की स्टँड घेऊन जाते. पोत्यात आठ-दहा किलो रेती भरून स्टँडच्या मधल्या दांड्याला, जमिनीच्या जितकं जवळ तितकं, बांधा. स्टँडचा एक पाय छत्री झुकते त्या बाजूला करा. काळ्या मातीला भेगा असतात, पाय त्यात घुसून स्टँड कलतो, तेव्हा खाली लाकडाचे तीन तुकडे टाका.

हिंगणघाटकर

पावसाळी कार्यक्रमासाठी एवढंच: फ्लॅशवर पारदर्शक प्लास्टिकची पिशवी उलटी टाका, तोंड खाली मोकळं सोडा. रेडिओ लहर प्लास्टिकमधून जाते, ऑप्टिकललाही अडत नाही. पिशवी फ्लॅशच्या काचेला चिकटू देऊ नका, फुल पॉवरवर ती वितळून काचेवर बसते. कार्यक्रम संपल्यावर ट्रिगर आणि फ्लॅश दोन्हींतून सेल काढा, आणि शूच्या पिना कोरड्या सुती कापडाने पुसून मगच पिशवीत ठेवा. आपल्याकडची काळी बारीक धूळ तिथेच जाऊन बसते.